३३६ वाटा आणि नाक्यावरची यादी

१२ मार्च २०१५, गुरुवार. भारतीय वेळेनुसार दुपारचे अडीच वाजत आले होते. युरोप आणि आशियातील अनेक ठिकाणी गूगलच्या सेवा एकाएकी मिळेनाशा झाल्या. गूगलची यंत्रे बंद पडली नव्हती, समुद्रतळाची केबल तुटली नव्हती आणि कुणी हल्लाही केला नव्हता. सुमारे पाव तासाने सारे पूर्ववत झाले. जागतिक जाळ्यावर लक्ष ठेवणाऱ्या अभ्यासकांनी माग काढला तेव्हा तो मुंबईत मुख्यालय असलेल्या हॅथवे या केबल-इंटरनेट कंपनीपर्यंत येऊन थांबला. गूगलकडे जाणाऱ्या ३३६ वाटा या कंपनीला खासगी शेजारधर्मातून कळलेल्या होत्या. त्या तिने एअरटेलला सांगितल्या आणि एअरटेलने त्या जगाला सांगितल्या.

आजचा धागा या ३३६ वाटांचा आणि त्यांना अडवू शकणाऱ्या एका साध्या यादीचा आहे. विषय राउटरचा असला, तरी संगणकाशी संबंध नसलेल्या वाचकाने बिचकण्याचे कारण नाही. सावली, मूल, गडचिरोली या पट्ट्यातील माणसाला नाका म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही.

वनोपज तपासणी नाक्यावर लाकडाचा किंवा बांबूचा ट्रक थांबतो. नाकेदार वाहतूक परवाना मागतो, ज्याला सगळे 'टीपी' म्हणतात. माल कुठून निघाला, कुठे चालला, किती आहे आणि लाकडावर हातोड्याची निशाणी आहे का, हे तो पाहतो. कागदाशी माल जुळला तर आडवा बांबू वर जातो, नाही तर ट्रक बाजूला लागतो. या व्यवस्थेमागे १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे ४१ वे कलम आहे. नाकेदार चांगला की वाईट, हा प्रश्न येथे नाही. मुद्दा एवढाच, की त्याच्यापाशी नियम असतो आणि समोर आलेली प्रत्येक गोष्ट तो त्या नियमाशी ताडून पाहतो. नियमच नसेल, तर नाका म्हणजे रस्त्यावरची एक टपरी.

इंटरनेटच्या जाळ्यात असे नाके आहेत, पण तेथून दोन वेगळ्या गोष्टी जातात आणि पुष्कळ घोटाळा या दोहोंची गल्लत झाल्याने होतो. पहिली गोष्ट म्हणजे माल: तुमचा संदेश, चित्र, बँकेचा व्यवहार. दुसरी गोष्ट म्हणजे मालाने कोणत्या रस्त्याने जावे याची बातमी. 'अमुक पत्त्यांकडे जायचे असेल तर माझ्याकडून या' अशी दवंडी प्रत्येक जाळे आपल्या शेजारच्या जाळ्यांना देत असते. शेजारी ती ऐकतो आणि पुढच्या गावात पिटतो. जगाचा नकाशा एका जागी कुणाहीपाशी नाही. कानोकानी आलेल्या दवंड्या जुळवून प्रत्येक राउटर स्वतःपुरता नकाशा तयार करतो.

ही पद्धत ठरली ती जानेवारी १९८९ मध्ये. टेक्सासमधील ऑस्टिन येथे इंटरनेटच्या अभियंत्यांची बैठक भरली होती. त्या वेळी सिस्कोचे कर्क लोहीड आणि आयबीएमचे याकोव्ह रेख्तर यांनी जेवणाच्या टेबलावर कागदी रुमालांवर एक आराखडा उतरवला. त्याला बॉर्डर गेटवे प्रोटोकॉल, म्हणजे बीजीपी, हे नाव मिळाले आणि जूनमध्ये त्याचा पहिला अधिकृत मसुदा निघाला. त्या काळी जाळी थोडी होती, चालवणारे एकमेकांना नावाने ओळखत आणि कुणी खोटी दवंडी देईल हा विचार कुणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. आराखड्यात विश्वास गृहीत धरला गेला, तपासणी नाही. हा दोष म्हणावा की त्या काळाची खूण, यावर वाद होऊ शकतो. मला ती काळाची खूण वाटते. पण त्यानंतर तीस-पस्तीस वर्षे जगाने जी ठिगळे लावली, ती सगळी या एका गृहीतकाला लावलेली आहेत.

पहिले ठिगळ म्हणजे ॲक्सेस लिस्ट.

ही यादी मुळात मालासाठी होती. राउटरवर ओळी लिहायच्या: या पत्त्याकडून आलेले येऊ द्या, त्या पत्त्याकडचे अडवा. राउटर वरून खाली वाचत जातो. जी ओळ पहिल्यांदा जुळेल तिचा हुकूम मानतो आणि पुढे वाचत नाही. यादीच्या शेवटी एक न लिहिलेली ओळ असते: 'बाकी सर्व अडवा.' ती पडद्यावर दिसत नाही, पण लागू असते. नव्या माणसाने एकच 'अडवा' लिहून यादी लावली आणि सगळेच बंद पडले, असे प्रसंग या धंद्यात रोजचे. ओळींचा क्रम चुकला तरी तेच. आधी 'सर्व येऊ द्या' आणि मागाहून 'अमुक अडवा' लिहिले, तर दुसरी ओळ वाचलीच जात नाही.

पुढे अभियंत्यांच्या ध्यानात आले की हीच यादी दवंडीलाही लावता येते. शेजाऱ्याने सांगितलेल्या वाटांपैकी कोणत्या ऐकायच्या आणि आपल्याला ठाऊक असलेल्या वाटांपैकी कोणत्या त्याला सांगायच्या, हे तीच ठरवू लागली. सिस्कोच्या राउटरवर या जोडणीला डिस्ट्रिब्यूट लिस्ट म्हणतात. यादी तीच, पण मालाच्या नाक्यावरून ती बातमीच्या नाक्यावर बसवली गेली. मालाला लावलेली यादी चुकली तर थोडाफार माल अडतो किंवा नको तो आत येतो. बातमीला लावलेली यादी चुकली तर पुढच्या गावांचे नकाशे चुकतात.

वाटा हजारोंनी असतात. प्रत्येकीसाठी एक ओळ लिहायची म्हटली तर आयुष्य पुरायचे नाही, म्हणून वाटांचे गट करतात. समजा, १७२.१६.८.० पासून १७२.१६.१५.० पर्यंतची आठ जाळी एका झटक्यात ओळखायची आहेत. तिसऱ्या खान्यातले ८ ते १५ हे आकडे द्विमानात लिहून पाहा: ००००१००० पासून ००००११११ पर्यंत. डावीकडचे पाच अंक सगळ्यांत सारखे आहेत आणि उजवीकडचे तीनच बदलतात. तेव्हा यादीत पत्ता लिहायचा १७२.१६.८.० आणि त्यापुढे एक मुखवटा ०.०.७.०. मुखवट्यात जेथे शून्य, तेथे अंक जुळलाच पाहिजे. जेथे एक, तेथे काहीही चालेल. सात म्हणजे उजवीकडचे तीन अंक, म्हणजे आठ जाळी, आणि ओळ एकच. याच युक्तीने तिसऱ्या खान्यातल्या सम आकड्यांच्या सगळ्या वाटाही एका ओळीत धरता येतात. मुखवटा २५४ ठेवला की शेवटचा अंक सोडून बाकी सारे मोकळे. नेहमीच्या नेटमास्कच्या नेमके उलटे असे हे गणित शिकताना भल्याभल्यांची भंबेरी उडते. ज्यांना ते एकदा उमगते, ते मात्र जन्मभर त्याचे कौतुक सांगत राहतात.

या कौतुकाच्या पोटात एक उणीव होती. साधी ॲक्सेस लिस्ट वाटेचा पत्ता पाहते, वाटेची लांबी पाहत नाही. १७२.१६.८.० या एकाच पत्त्याने सुरू होणारी वाट दोन हजार अठ्ठेचाळीस पत्त्यांची असू शकते, दोनशे छप्पन्नचीही असू शकते. यादीला दोन्ही सारख्याच दिसतात. नाकेदाराने कागदावर गावाचे नाव वाचावे आणि मालाचा आकडा पाहूच नये, तसे हे. त्यावर तोडगा म्हणून विस्तारित यादी वापरली गेली. मालासाठी जिथे 'कुणाकडून' लिहितात तिथे वाटेचा पत्ता आणि जिथे 'कुणाकडे' लिहितात तिथे वाटेचा मास्क! रकाना एकाचा, मजकूर दुसऱ्याचा. काम भागत होते. पण अशी यादी लिहिणाऱ्याशिवाय दुसऱ्या कुणाला धडपणे वाचता येत नसे आणि वाचता न येणारी यादी ही पुढच्या चुकीची तयारीच असते. अखेर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात खास वाटांसाठी प्रिफिक्स लिस्ट आली. तिच्यात सरळ लिहिता येते: १७२.१६.८.०/२१ या परिघातल्या वाटा, पण लांबी नेमकी २४ असेल तरच. ओळींना क्रमांक असतात, त्यामुळे मध्ये एखादी ओळ घालायची असल्यास सगळी यादी पुसावी लागत नाही.

लांबीला इतके महत्त्व का? राउटरचा एक अढळ नियम आहे: एकाच पत्त्याकडे दोन वाटा सांगितल्या गेल्या, तर जी अधिक नेमकी, तीच खरी धरायची. 'गडचिरोली जिल्ह्याकडे' असे एकाने आणि 'धानोऱ्याकडे' असे दुसऱ्याने सांगितले, तर धानोऱ्याला जाणारा दुसऱ्याचे ऐकतो. दुसरा खोटे बोलत असला तरीही.

२५ एप्रिल १९९७ रोजी याचा पहिला मोठा धडा मिळाला. अमेरिकेतील एका लहान सेवादाराच्या राउटरने जगाच्या वाटांचा मोठा हिस्सा घेऊन त्याचे बारीक तुकडे केले आणि ते स्वतःच्या नावाने घोषित केले. तुकडे अधिक नेमके, म्हणून जगाने ते खरे मानले आणि रहदारी त्या बिचाऱ्या राउटरकडे लोटली. तो राउटर जाळ्यातून काढून टाकल्यावरही खोट्या वाटा इतरांच्या नकाशांत काही तास रेंगाळल्या. त्या जाळ्याचा क्रमांक ७००७ होता. आजही या व्यवसायात तो आकडा उच्चारला की जुनी मंडळी मान हलवतात.

दुसरा धडा २४ फेब्रुवारी २००८ चा. पाकिस्तान सरकारने देशात यूट्यूब बंद करण्याचा हुकूम काढला. पाकिस्तान टेलिकॉमने त्यासाठी २०८.६५.१५३.०/२४ ही वाट आपल्याकडे वळवली. हेतू देशापुरता होता, पण ती दवंडी हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या त्यांच्या वरच्या पुरवठादारापर्यंत गेली आणि तिथून जगभर. यूट्यूबची स्वतःची वाट २०८.६५.१५२.०/२२ होती, म्हणजे १०२४ पत्त्यांची. पाकिस्तानची २५६ पत्त्यांची वाट तिच्या पोटातली, म्हणून अधिक नेमकी. सुमारे दोन तास जगाचा मोठा भाग यूट्यूबला मुकला. पाकिस्तान टेलिकॉमने चूक केली, हे खरेच. पण ग्राहकाच्या मालकीच्या वाटा कोणत्या याची यादी पीसीसीडब्ल्यूने लावलेली असती, तर ती चूक तिच्याच दारात विरली असती. माझ्या मते येथे मोठी जबाबदारी सांगणाऱ्याची नसून ऐकून पुढे सांगणाऱ्याची आहे.

आता पुन्हा मुंबईकडे वळू.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाच्या सेवेतून. सगळी दारे एका सरकारी कंपनीच्या हाती होती, तेव्हा शेजाऱ्यांच्या दवंड्या तपासण्याचा प्रश्नच नव्हता, शेजारीच नव्हते. १९९८ च्या अखेरीस खासगी सेवादारांना परवानगी मिळाली आणि शेजार वाढला. देशातल्या देशात जाणारा संदेशही परदेशाला वळसा घालून येई. तो थांबवण्यासाठी २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही संस्था स्थापन झाली आणि मुंबईसह मोठ्या शहरांत जाळ्यांच्या देवाणघेवाणीची केंद्रे सुरू झाली. निक्सीचा एक नियम आपल्या विषयाशी थेट भिडतो: केंद्रावर येणाऱ्या सेवादाराने निदान त्या विभागातल्या आपल्या सगळ्या वाटा तेथे सांगितल्याच पाहिजेत. म्हणजे आपल्या वाटांची विभागवार प्रतवारी आली, गट आले, याद्या आल्या.

याच वर्षांत गूगलसारख्या कंपन्या मोठ्या सेवादारांशी थेट खासगी जोडणी करू लागल्या. हॅथवेचीही गूगलशी अशी जोडणी होती. अशा शेजारधर्माची एक अलिखित रीत आहे: शेजाऱ्याकडून कळलेली वाट फक्त आपल्या ग्राहकांना सांगायची, वरच्या पुरवठादाराला किंवा दुसऱ्या शेजाऱ्याला सांगायची नाही. कारण सांगितली, तर जगाची रहदारी आपल्या अंगणातून जाऊ लागेल. ती पेलण्याची ताकदही नसते आणि तिचे पैसेही कुणी देत नाही.

त्या गुरुवारी नेमके तेच झाले. गूगलच्या ३३६ वाटा हॅथवेकडून एअरटेलकडे गेल्या. एअरटेल हा हॅथवेचा वरचा पुरवठादार, हॅथवे त्याचा ग्राहक. आणि ग्राहकाकडून आलेली वाट सहसा पहिल्या पसंतीची धरतात, कारण त्या वाटेवरच्या रहदारीचे पैसे मिळतात. एअरटेलने ती धरली आणि बाहेर सांगितली. अमेरिकेतील कोजेंट आणि लेव्हल थ्री, फ्रान्सची ऑरेंज, सिंगापूरची सिंगटेल यांनी ती मानली. मानणाऱ्यांत पाकिस्तान टेलिकॉमही होती, हा इतिहासाचा खट्याळपणा म्हणायचा. युरोपातला माणूस गूगलकडे निघाला की त्याचा संदेश भारताच्या दिशेने वळू लागला आणि एवढा लोंढा येथे सामावणे शक्य नव्हते.

दोन नाके होते. हॅथवेच्या बाहेर जाणाऱ्या दारावर: 'आमच्या आणि आमच्या ग्राहकांच्या वाटांखेरीज काही सांगू नये.' एअरटेलच्या आत येणाऱ्या दारावर: 'हॅथवेकडून हॅथवेच्याच वाटा ऐकाव्यात.' यांपैकी एक जरी त्या क्षणी नीट उभा असता, तरी त्या ३३६ वाटा जगभर गेल्या नसत्या. त्या काळी जगाच्या नकाशात पाच लाखांहून अधिक वाटा होत्या. त्यातल्या अवघ्या ३३६ वाटांनी हा गोंधळ घातला.

जून २०१६ मध्ये इंटरनेटच्या मानकसंस्थेने अशा गळतींचे वर्गीकरण करणारा दस्तऐवज काढला, क्रमांक ७९०८. शेजाऱ्याच्या वाटा वरच्या पुरवठादाराला सांगितल्या जाण्याच्या प्रकाराखाली उदाहरण म्हणून हॅथवे-एअरटेल प्रकरण आणि तो ३३६ चा आकडा नोंदवला आहे. मुंबईतल्या कंपनीचे नाव जगभरच्या अभ्यासक्रमांत असे पोचावे, याचा अभिमान वाटण्याजोगे काही नाही. पण नोंद आहे.

येथे एक प्रश्न हटकून विचारला जातो: आता स्वाक्षरीची व्यवस्था आली ना? आली. २०११ पासून पत्त्यांचा धारक डिजिटल स्वाक्षरीने जाहीर करू शकतो की माझे हे पत्ते अमुक क्रमांकाच्या जाळ्यानेच घोषित करावेत, आणि कमाल लांबी एवढीच असावी. या व्यवस्थेला आरपीकेआय म्हणतात. आपल्या भागातल्या वाचकाला हा फरक मेंढा-लेखावरून चटकन कळेल. धानोरा तालुक्यातील त्या गावाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, पण बांबू बाहेर न्यायचा तर वाहतूक परवाना वनविभागाचाच लागे. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. ज्याचा हक्क, त्यानेच परवाना द्यावा. नाकेदाराने तो पाहावा. आरपीकेआयमध्ये परवाना लिहिणारा हात असाच बदलला.

पण परवाना खरा असला, म्हणजे रस्ताही बरोबर असतो असे नाही. १२ मार्च २०१५ च्या त्या वाटांवर मूळ मालक म्हणून गूगलचाच क्रमांक होता. हॅथवेने त्या आपल्या म्हणून सांगितल्या नव्हत्या, फक्त जिथे सांगू नयेत तिथे सांगितल्या होत्या. केवळ मालकाची स्वाक्षरी तपासणाऱ्या नाक्यावरून त्या आजही सुखेनैव पार झाल्या असत्या. पाकिस्तानची चूक स्वाक्षरीने पकडली असती, मुंबईची नाही.

१६ एप्रिल २०२१ रोजी व्होडाफोन आयडियाच्या जाळ्यातून तीस हजारांहून अधिक वाटा चुकून घोषित झाल्या; काही मिनिटांतच त्या जाळ्याकडे येणारी रहदारी कित्येक पटींनी फुगली. सहा वर्षांनी, त्याच देशात.

मे २०२२ च्या ९२३४ क्रमांकाच्या मानकाने तो अलिखित शेजारधर्म आता राउटरच्या संभाषणातच लिहून टाकला आहे. दोन राउटर प्रथम भेटतात तेव्हा 'मी तुझा ग्राहक', 'मी तुझा पुरवठादार', 'आपण शेजारी' असे एकमेकांना सांगतात आणि शेजाऱ्याकडच्या वाटेवर 'फक्त ग्राहकांसाठी' असा शिक्का बसतो. शिक्का असलेली वाट वरच्या दाराने जाऊ लागली, तर ती गळती म्हणून ओळखता येते. हातोड्याची निशाणीच ती. अर्थात ती पाहणारा राउटर दोन्ही टोकांना हवा.

तोवर काम याद्यांवरच चालते. याद्या कुणीतरी माणूस लिहितो, ग्राहक वाढला की तिच्यात ओळ वाढवतो, गेला की काढतो. मॅनर्स या नावाने २०१४ मध्ये सुरू झालेल्या जागतिक उपक्रमात सहभागी जाळ्यांकडून ज्या गोष्टींची अपेक्षा असते, त्यांत पहिली हीच: आपल्या आणि आपल्या ग्राहकांच्या घोषणा गाळून घ्या.

सावलीसारख्या ठिकाणी स्वतःचा जाळेक्रमांक आणि एकच वरचा पुरवठादार असलेला लहान सेवादार उभा राहिला, तर त्याची बाहेर जाणारी यादी लिहायला पाच मिनिटे लागतात. स्वतःच्या वाटेची एक ओळ, फार तर दोन. बाकीच्या नऊ-दहा लाख वाटा त्या न लिहिलेल्या शेवटच्या ओळीवर अडतात. मोठ्या सेवादाराचे काम याहून कितीतरी अवघड आहे. शेकडो ग्राहक, त्यांचे ग्राहक, रोज बदलणारे पत्ते, म्हणून तिथे याद्या हाताने न लिहिता नोंदवहीवरून यंत्राने तयार करतात आणि एखाद्या ग्राहकाने ठरावीक आकड्याहून जास्त वाटा सांगितल्या तर जोडणी आपोआप तोडण्याची मर्यादा घालतात. त्या मर्यादेचा आकडाही शेवटी कुणीतरी माणूसच ठरवतो.